दोन बोटं आत

मैत्रीनं स्ट्रायकर रेषेवर ठेवला, डावा डोळा मिटला आणि उजव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटं तळव्यात मुडपून घेतली. मग तिसरं बोट अंगठ्यात अडकवलं आणि सोडलं. काळी सोंगटी टप्पकन कोपऱ्यातल्या भोकात पडली. "पप्पा, बघितलं?" असं ती ओरडली, आणि धम्मरत्न हो म्हणाला. पण सोंगटी त्यानं बघितलीच नव्हती. त्याला दिसली होती ती दोन बोटं. चांगली, धडधाकट, शाळेत स्केचपेननं नखं रंगवलेली दोन बोटं, जी पोरीनं काही कारण नसताना आत दडवली होती. असेल, चुकून झालं असेल, असं म्हणून त्यानं आपला डाव घाईघाईनं वाया घालवला आणि पुन्हा तिच्या हाताकडे बघत बसला. तिनं पुन्हा तेच केलं. दारात चपला काढाव्यात इतक्या सहज तिनं ती बोटं आत घेतली, नेम धरला, मारलं, आणि डाव संपल्यावर हात उघडला. म्हणजे हे आजचं नव्हतं. कधीपासून चाललं होतं कुणास ठाऊक. आता शिकवायला बसलेला माणूस समोरच्याचा हात बघतो की नाही? हा गडी इतके महिने तिला शिकवत होता, इथून कट मार, तिथून रिबाउंड घे, राणी घेतलीस तर कव्हर विसरू नको, सगळं सांगत होता, पण तिचा हात म्हणून त्यानं कधी बघितला नाही. हात म्हटलं की त्याची नजर आपोआप दुसरीकडे जायची. मग तो कुणाचाही असो.

गुरुवार होता. भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची आणि शाळेला रविवारची, त्यामुळं बापलेकीची सुट्टी एका दिवशी कधी यायची नाही. जी काय भेट ती गुरुवारी शाळा सुटल्यावर. काळेवाडीतली ती खोली एप्रिलात भाजून निघायची, पण पंखा बंद ठेवावा लागायचा, नाहीतर बोर्डावरची पावडर उडते. उपड्या टबवर बोर्ड, दोन्ही बाजूंना दोघं मांडी घालून, आणि घाम मानेवरून खाली. आत ओट्यापाशी श्रद्धा कणीक मळत होती. ती मेडिकलच्या दुकानात काउंटरला असायची, बोरिक पावडरचा डबा तीच आणायची आणि दर वेळी म्हणायची, "खोलीत पीठ सांडल्यासारखं करून ठेवता नुसतं." खेळायला मात्र कधी बसायची नाही. येत्या रविवारी संध्याकाळी विहारात जयंतीच्या निमित्तानं लहान मुलांची कॅरमची स्पर्धा होती आणि मैत्रीचं नाव त्यात होतं. तिचं नाव द्यायला धम्मरत्न स्वतः गेला होता, छाती काढून. आता त्याला दिसायला लागलं की रविवारी पोरगी सगळ्या वस्तीसमोर बसेल, स्ट्रायकर ठेवेल आणि दोन बोटं आत घेईल. लोक आधी तिच्या हाताकडे बघतील आणि मग सावकाश, सगळे मिळून, मागं उभ्या असलेल्या बापाच्या हाताकडे.

बोर्ड आबांचा. आबा म्हणजे त्याचे वडील, कोंडीराम, लातूरकडून पोट भरायला पिंपरीत आलेले. त्यांच्या कंपनीनं कामगारांची करमणुकीची खोली बंद केली तेव्हा तिथलं सामान स्वस्तात काढलं, आणि आबांनी बाकी सगळं सोडून हा बोर्ड डोक्यावर घेऊन घर गाठलं होतं. आई म्हणाली होती, "अहो, कपाट न्हाई घरात, आन् हे काय उचलून आणलं?" आबा हसले होते. त्यांच्यासारखा शांत माणूस बोर्डावर बसला की वेगळाच व्हायचा. धम्मरत्नचा हात हातात घेऊन, त्याचं पहिलं बोट दुसऱ्या बोटावर कात्रीसारखं बसवून ते सांगायचे, "ढकलायचं न्हाई रे. सोडायचं. बोटाला माहीत असतं कुठं जायचं, तू मधी पडू नको." त्यांच्या हाताला कटिंग ऑइलचा वास यायचा, किती साबण लावला तरी जायचा नाही, आणि धम्मरत्नला आजही आनंद म्हटला की तो वास आठवतो. गल्लीत त्याच्या पहिल्या बोटाचा दरारा होता, खरंच होता. मोठी पोरं त्याला आपल्या बाजूला ओढायची. राणी मध्ये, भोवती सगळ्या सोंगट्यांचा गठ्ठा, आणि त्या गठ्ठ्यातून हा बरोबर राणी बाहेर काढायचा. आबा लांबून बघायचे आणि विडी विझवून जवळ यायचे.

ते बोट गेलं, त्याच्या शेजारचंही गेलं. त्याची कंपनी चाकणच्या मोठ्या गाड्यावाल्यांना पत्र्याचे सुटे भाग पुरवायची. प्रेसवर काम: खाली साच्यावर पत्रा ठेवायचा, बाजूची दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबायची, की वरचा दाब्या खाली येतो आणि पत्र्याला आकार देतो. दोन बटणं अशासाठी, की मशीन खाली येताना माणसाचे दोन्ही हात बाहेर गुंतलेले राहावेत. पण दोन्ही हात गुंतले तर पत्रा सरकवायला वेळ लागतो, आणि चाकणहून गाडी येऊन उभी. मग सुपरवायझर दौलतराव एका बटणात पत्र्याची चकती खोचायचे आणि वरून टेप मारायचे. टेप दातानं तोडायचे ते. बटण दाबलेलं राहायचं; एका हातानं दुसरं बटण, एका हातानं पत्रा. सगळ्या लाइनवर तसंच चालायचं, नवीन आलेल्याला वाटायचं मशीन असंच असतं. त्या दिवशी दुखलं किती हे धम्मरत्नला आठवत नाही. त्याला आठवतो तो साच्यातला पीस. त्याची घडी अगदी बरोबर आली होती, कोपरा न कोपरा, आणि तो वेड्यासारखा त्या घडीकडे बघत उभा होता. सरकारी इन्स्पेक्टर यायच्या आत टेप निघाली, चकती निघाली, बटण पुसून लख्ख. हॉस्पिटलात दौलतराव शहाळं घेऊन आले, खाटेवर टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "भावा, ते विचारतील. लक्ष नव्हतं म्हण. काम सुटत नाही तुझं, मी आहे ना." श्रद्धा पोटुशी होती, खाटेच्या दुसऱ्या अंगाला उभी. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही खरं सांगा." इन्स्पेक्टरनं विचारलं आणि हा म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं."

काम सुटलं नाही, हे मात्र खरं. त्याला स्टोअरला घेतलं, हातमोजे वाटायला. देवाशपथ नाही, पण खोटंही नाही: ज्याची दोन बोटं प्रेसनं नेली तो सकाळी खिडकीत बसून पोरांना हातमोजे वाटतो. आणि मार्चमध्ये सेफ्टी सप्ताह आला की त्याची पाळी. मांडव, खुर्च्या, नव्यानं भरलेली कंत्राटी पोरं ओळीनं बसलेली. रणजीत सर, सेफ्टीचे, माइकवरून म्हणतात, "आता आपले धम्मरत्न भाऊ दोन शब्द बोलतील." हा स्टेजवर जातो, उजवा हात खांद्याच्या वर उचलतो, तळवा पोरांकडे, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, मागच्यांनाही दिसायला हवा, आणि म्हणतो, "एक क्षण माझं लक्ष नव्हतं. चूक माझी होती. तुम्ही लक्ष द्या." टाळ्या. एक शाल आणि कधी स्टीलचा डबा. मैत्री शाळेत नेते तो डबा त्यातलाच. पहिल्या वर्षी हे बोलताना शब्द मध्येच तुटले होते. आता तुटत नाहीत. आता वाक्य तोंडात तयार असतं, हात उचलला की बाहेर पडतं. ह्या मार्चला तर रणजीत सरांनी पाठ थोपटली, "भाऊ, तुम्ही फार छान बोलता हो. पोरांच्या अंगावर काटा आला." आणि ह्याला, काय म्हणावं, बरंसुद्धा वाटलं. घरी येताना शेअर रिक्षात बसल्यावर मग त्या बऱ्या वाटण्याची शिसारी आली, काळेवाडी फाटा येईपर्यंत ती गेली नाही.

आबांनी त्याचा हात एकदाच नीट बघितला, पट्टी उघडली तेव्हा. उठले, बोर्ड भिंतीवरून काढला, चादरीत गुंडाळला आणि कपाटामागं उभा करून ठेवला. त्यांच्या हयातीत तो परत बाहेर आला नाही. मैत्रीचा जन्म झाला तेव्हा नर्सनं कापडात गुंडाळलेलं ते गाठोडं हातात दिलं, आणि धम्मरत्ननं तोंड बघायच्या आधी कापड बाजूला सारून तिचे हात बघितले. दोन्ही मुठी घट्ट. एकेक बोट सोडवून बघितलं. शेजारच्या एका म्हातारीनं श्रद्धाला सांगून ठेवलं होतं की दिवस भरेपर्यंत नवऱ्याच्या हाताकडे बघू नको; आपण असलं काही मानत नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, तरी श्रद्धा तिकडे बघत नव्हती आणि तो हात खिशाबाहेर काढत नव्हता. सगळी बोटं जागच्या जागी होती. तेव्हा तो हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन रडला. आबांनी मागून येऊन नुसता खांद्यावर हात ठेवला होता. आणि त्याच आठवड्यात श्रद्धानं त्याच्याकडून एक शब्द घेतला. भांडली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, "त्यांना काय सांगायचं ते सांगितलंत. पोरीला खरं सांगायचं. विचारेल तेव्हा तुम्हीच सांगायचं, मी नाही सांगणार." तो हो म्हणाला होता. ते हो त्यानं जपून ठेवलं होतं. स्टेजवर हात उचलताना, हातमोजे वाटताना, दौलतराव समोरून "काय भावा, बरं ना?" म्हणून जाताना, त्याच्या आत ती एकच जागा शाबूत होती: बाहेर काहीही म्हणू दे, एक माणूस असा असेल ज्याला मी खरं सांगितलेलं असेल.

पण पोरगी विचारेच ना. लहान होती तेव्हा तो तिला म्हणायचा, "पप्पांची बोटं झोपलीत," आणि ती त्या दोन खुंटांवर फुंकर घालून "उठा" म्हणायची. मग मोठी झाली, तेही थांबलं. तिला कळलंच असणार, पोरांना काय कळत नाही? रस्ता ओलांडताना ती त्याचा हाच हात धरायची, उरलेली दोन बोटं मुठीत घेऊन. तिच्यासाठी पप्पांचा हात म्हणजे असाच हात. दुसरा तिनं बघितलाच नव्हता. गेल्या पावसाळ्यात कपाट सरकवताना तिला चादरीतला बोर्ड सापडला. "पप्पा, हे काय आहे? तुम्हाला येतं?" येतं म्हणायचं की येत होतं म्हणायचं, ह्यात तो अडकला आणि म्हणाला, "येतं." झालं. मग कित्येक गुरुवारी, ती शाळेत आणि श्रद्धा दुकानात असताना, हा आतून कडी लावून बोर्डावर बसायचा. तिसरं बोट कुणी कॅरमला वापरतं का? ते आळशी बोट, अंगठी घालायचं. सुरुवातीला स्ट्रायकर नुसता घसरायचा, दोनदा तर बोर्डाबाहेर जाऊन तांदळाच्या डब्यावर आदळला. त्यानं चिडून शिव्या घातल्या, बोर्डाला, बोटाला, दौलतरावांना, आबांनाही. पण हळूहळू ते बोट शिकलं. आबांचं वाक्य खरं ठरलं, बोटाला कळलं कुठं जायचं. ज्या दिवशी पहिल्यांदा त्यानं तिच्यासमोर राणी घेतली आणि कव्हर केली, ती टाळ्या वाजवत नाचली, आणि त्याला वाटलं, चला, दोन बोटं गेली पण ही गोष्ट आबांकडून घेतली आणि पुढं दिली. काहीतरी सुटून गेलं नाही. त्या दिवशी तो इतका खूश होता की मैत्रीच्या हातून श्रद्धाची आवडती काचेची बरणी फुटली तरी रागावला नाही. पोरगी तुकड्यांकडे बघत, हनुवटी थरथरवत म्हणाली होती, "पप्पा, माझी चूक नव्हती. खरंच नव्हती." चूक तिचीच होती, उड्या कोण मारत होतं? पण त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे. मी मम्मीला नाही सांगणार." तेव्हापासून घरात काही सांडलं, फुटलं की त्यांचं हे ठरलेलं. ती म्हणणार माझी चूक नव्हती, तो म्हणणार असू दे, आणि दोघं गालात हसणार.

"पप्पा, तुमचा डाव," मैत्री म्हणाली.

"थांब," तो म्हणाला. "हात दाखव. तो नाही, उजवा. हे बघ, ही बोटं उघडायची. पहिल्या बोटानं मारायचं."

"का?"

"का म्हणजे? सगळे तसंच मारतात."

तिनं पहिलं बोट अंगठ्यात अडकवून बघितलं. त्याला आबांचा हात आठवला, ऑइलचा वास आठवला, आणि पुढं होऊन तिचं बोट दुसऱ्यावर कात्रीसारखं बसवून द्यावं म्हणून त्यानं हात पुढं केला. पण बसवून देणार कशानं? त्याचा हात बोर्डावर तसाच अधांतरी राहिला. तिनं मारलं. स्ट्रायकर तिरका जाऊन काठावर आदळला आणि परत तिच्याच मांडीवर पडला. "बघा," ती वैतागली, "हे बोट कच्चं आहे माझं. मला नाही येत ह्यानं. रविवारी मी हरेन अशानं."

"येईल. तीन दिवस आहेत. पण ती बोटं आत नाही घ्यायची."

"तुम्ही पण तसंच मारता की. आणि तुम्ही कायम जिंकता."

"मैत्री, मला बोटं नाहीत."

"माहितीये मला," ती म्हणाली, सोंगट्या गोळा करता करता, काही विशेष नसल्यासारखी. मग थांबली. हातातली सोंगटी बोर्डावर गोल फिरवली, ती आडवी पडेपर्यंत बघत राहिली, आणि वर न बघता तिनं विचारलं, "कुठं गेली? मी मम्मीला विचारलं होतं. मम्मी म्हणाली, पप्पांना विचार."

आत कणीक मळायचा आवाज थांबला. बाहेर कुणीतरी बुलेट चालू केली, ती धडधडत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. इतकी वर्षं जपलेली ती जागा आता उघडायची होती, आणि धम्मरत्नला वाटलं, किती सोपं आहे हे. बटणं दोन होती. एकात चकती घातली होती. ती मी घातली नव्हती. एवढंच तर सांगायचं. तो जरा सावरून बसला, घसा साफ केला. पोरीला नीट दिसावा म्हणून त्यानं उजवा हात उचलला, खांद्याच्या वर, तळवा तिच्याकडे, थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे.

"एक क्षण माझं लक्ष नव्हतं," तो म्हणाला. "चूक माझी होती. तुम्ही लक्ष द्या."

आवाज स्पष्ट होता, मागच्यांनाही ऐकू जाईल असा. वाक्य पूर्ण बाहेर पडलं तेव्हा कुठं ते त्याला ऐकू आलं. तुम्ही, असं म्हणाला होता तो आठ वर्षांच्या पोरीला. हात अजून वरच होता, आणि तो खाली कसा घ्यायचा हे त्याला सुचेना, कारण स्टेजवर टाळ्या पडल्यावर तो खाली यायचा. श्रद्धा दारात येऊन उभी राहिली होती, कणकेचे हात तसेच पुढं धरून. ती बघत होती त्याच्याकडे. त्या बघण्यात राग असता तर त्याला सोसला असता. तिनं नुसती मान वळवली आणि ती परत आत गेली. मग पुन्हा कणकेचा आवाज सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

मैत्री विचार करत होती. "म्हणजे मशीनमध्ये गेली?" त्यानं हो म्हणून मान डोलावली. "तुम्ही बाहेर ठेवली होती म्हणून," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं आपला हात डोळ्यांसमोर धरला, रंगवलेल्या नखांची ती दोन बोटं नीट बघितली, आणि एकेक करून तळव्यात मुडपली, वरून अंगठा दाबून. "मी आत ठेवते. मी लक्ष देईन पप्पा. आत असली की जाणार नाहीत."

"नाही," तो म्हणाला. "नाही, मैत्री, ऐक." जे वाक्य त्यानं कधी कुणापुढं उच्चारलं नव्हतं, आबांपुढं नाही, इन्स्पेक्टरपुढं नाही, रात्री छताकडे बघत स्वतःशीही नाही, ते त्यानं आता जोर लावून बाहेर ढकललं. "माझी चूक नव्हती. खरंच नव्हती."

पोरीनं वर बघितलं. बापाचा घामेजलेला चेहरा बघितला, थरथरणारी हनुवटी बघितली, आणि तिच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं, समजूतदार हसू आलं. बोर्डावरून वाकून तिनं आपला पावडरीचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"असू दे, पप्पा," ती हळूच म्हणाली, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "मी कुणाला नाही सांगणार."

मग ती मागं सरली, स्ट्रायकर रेषेवर ठेवला, डावा डोळा मिटला, आणि दोन बोटं आत घेऊन तिनं राणीवर नेम धरला.